पुरुषांचे विरळ होणारे केस : नैसर्गिक उपाय निवडावेत कसे आणि करावेत कसे

डोक्याला कोणतेही तेल लावण्याआधी एक छोटे काम करावे. उशीवर, कंगव्यात किंवा न्हाणीच्या जाळीवर सापडलेले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात नीट पाहावेत. ज्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा पांढरट ठिपका दिसतो, तो केस आपले आयुष्य पूर्ण करून मुळापासून सुटलेला असतो. ज्याच्या दोन्ही टोकांना असा ठिपका नसतो, तो मध्येच तुटलेला असतो आणि त्याचा उपाय वेगळा असतो. तिसऱ्या प्रकारच्या केसाकडे मात्र सर्वांत जास्त लक्ष द्यावे. तो आखूड असतो, शेजारच्या केसांपेक्षा स्पष्ट बारीक असतो आणि त्याला कधी कात्री लागलेली नसल्यामुळे त्याचे टोक निमुळते असते. असे बारीक केस बरेच सापडत असतील आणि कपाळाचे दोन्ही कोपरे किंवा डोक्यावरचा भोवरा पूर्वीपेक्षा उघडा दिसू लागला असेल, तर केस नुसते गळत नसून त्यांची मुळे आकसत चालली आहेत असे समजावे.

हा फरक मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण नैसर्गिक उपायांबद्दलची बहुतेक निराशा इथेच जन्माला येते. तुटणाऱ्या केसांसाठीचा उपाय आकसणाऱ्या मुळांवर केला जातो, वर्षभर नेटाने केला जातो, आणि ज्या वर्षात मुळे अजून वाचवता आली असती ते वर्ष हातातून जाते.

मूळ आकसते म्हणजे काय होते

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवडे वाढ थांबण्यात जातात, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता मुळात टिकून राहतो आणि शेवटी गळतो. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि उरलेल्यांपैकी रोज ५० ते १०० केस गळणे अगदी स्वाभाविक आहे. त्यामुळे रोजच्या गळलेल्या केसांची मोजदाद करून घाबरण्यात अर्थ नाही. गळलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस तेवढाच जाड आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात हाच नवा केस दर फेरीला थोडा बारीक आणि थोडा आखूड येतो. शरीरातील टेस्टोस्टेरॉनचे एका एन्झाइममुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे थोडक्यात डीएचटीमध्ये, रूपांतर होते. आनुवंशिकतेने ज्यांची मुळे या डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांच्यात ती आकसत जातात आणि केसाचा वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये असे दाखवले की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढावे लागले होते अशा पुरुषांना हे टक्कल पडत नाही, पण त्यांच्यापैकी घरात टकलाचा इतिहास असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की पडू लागते. संप्रेरक आणि आनुवंशिकता ही दोन्ही कारणे एकत्र लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातील मुळे मात्र डीएचटीला फारशी दाद देत नाहीत, म्हणूनच तिथले केस म्हातारपणीही टिकून राहतात. हा दोष आईकडूनच येतो अशी समजूत आहे, ती अर्धवट खरी आहे: एक महत्त्वाचे जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते, पण बाकीची अनेक जनुके दोन्हीकडून येतात.

यावरून कोणत्याही नैसर्गिक उपायाला विचारायचा प्रश्न ठरतो. तो मुळापर्यंत पोहोचून काही करतो का, की फक्त डोक्याबाहेर दिसणाऱ्या केसाला चकाकी देतो? दोन्ही कामे उपयोगी आहेत, पण ती एक नाहीत.

आधी डॉक्टरांकडे कधी जावे

केस हळूहळू, वर्षानुवर्षे आणि वर सांगितलेल्या ठिकाणीच विरळ होत असतील, तर घरी प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. पण नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा अचानक पडला तर ती बहुधा चाई असते, आणि तिचे कारण रोगप्रतिकारशक्तीत असते. टाळूवर लाली, खपल्या, पू किंवा वेदना असतील, भुवयांचेही केस जात असतील किंवा थकवा आणि वजनातील बदल सोबत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच पुढे जावे. थायरॉइडचा विकार, लोहाची कमतरता आणि काही औषधे यांमुळेही केस विरळ होतात, आणि त्यावर तेल कितीही चांगले असले तरी चालत नाही.

एक प्रकार मात्र विशेष लक्षात ठेवावा, कारण तो माणसाला सर्वांत जास्त फसवतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेले वजन किंवा जबर मानसिक धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. तोवर आजार विसरलेला असतो, त्यामुळे संबंध लक्षात येत नाही. ही गळती मूळ कारण दूर झाल्यावर बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते आणि केस परत येतात. त्या काळात जे तेल हाती असेल त्याला सगळे श्रेय मिळते, आणि मग तेच तेल शेजाऱ्याच्या आनुवंशिक टकलावर छातीठोकपणे सुचवले जाते. कोणाचाही अनुभव ऐकताना त्याचे केस नेमके कशाने गेले होते, हे आधी विचारावे.

मालिश : सर्वांत साधा उपाय

मालिशपासून सुरुवात करावी असे मी सांगेन, कारण तिला खर्च नाही आणि नीट केली तर अपायही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात नऊ निरोगी पुरुषांच्या टाळूला रोज चार मिनिटे, अशी २४ आठवडे, यंत्राने मालिश केली गेली आणि तिथल्या केसांची सरासरी जाडी ०.०८५ मिलिमीटरवरून ०.०९२ मिलिमीटर झाली. नऊ माणसे ही फार थोडी संख्या आहे आणि ती टक्कल पडणारी माणसेही नव्हती, म्हणून यावरून मोठे दावे करू नयेत. तरीही त्वचेला मिळणारा हलका ताण मुळाच्या तळाशी असलेल्या पेशींवर परिणाम करतो, ही त्यामागची कल्पना पटण्याजोगी आहे.

मालिश करताना बोटे केसांवरून घासायची नाहीत, हे महत्त्वाचे. दोन्ही हातांच्या बोटांची टोके टाळूवर घट्ट टेकवावीत आणि बोटे न सरकवता खालची कातडी कवटीवर हळूहळू गोलाकार फिरवावी. कानांच्या वरून सुरुवात करून माथ्याकडे, मग कपाळाच्या रेषेकडे आणि शेवटी भोवऱ्याकडे यावे. प्रत्येक जागी पंधरा-वीस सेकंद पुरतात. नखे लागली, केस ओढले गेले किंवा टाळू लाल झाली तर जोर जास्त होतो आहे असे समजावे. ओल्या केसांत हे करू नये, कारण ओला केस ताणला जाऊन सहज तुटतो.

रोझमेरीचे तेल

वनस्पतिजन्य उपायांपैकी ज्याचा पुरावा थेट पुरुषांच्या टकलाशी जोडलेला आहे, असा सर्वांत परिचित उपाय म्हणजे रोझमेरी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधील एका अभ्यासात १०० पुरुषांचे दोन गट केले गेले; ५० जणांनी रोझमेरीचे तेल असलेले लोशन लावले आणि ५० जणांनी मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या औषधाचे २ टक्क्यांचे द्रावण. तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत काहीच लक्षणीय फरक पडलेला नव्हता. सहा महिन्यांनंतर मात्र दोन्ही गटांत केसांची संख्या वाढलेली आढळली आणि टाळूची खाज रोझमेरीच्या गटात कमी होती. ही बातमी ‘रोझमेरी औषधाइतकीच गुणकारी’ अशी सगळीकडे पसरली. त्यात दोन गोष्टी राहून जातात. पुरुषांना हल्ली साधारणपणे मिनॉक्सिडिल ५ टक्क्यांचे दिले जाते, म्हणजे इथली तुलना सौम्य मात्रेशी होती. शिवाय काहीच औषध नसलेले लोशन लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. म्हणून रोझमेरी आशादायक आहे, सिद्ध झालेली नाही, आणि तीन महिन्यांत सोडून देणाऱ्याला तिचा उपयोग कळणारच नाही.

वापरण्याची पद्धत अशी. रोझमेरीचे अर्क-तेल अतिशय तीव्र असते, ते थेट त्वचेवर कधीही लावू नये. जोजोबा, द्राक्षबी किंवा खोबरेल यांसारख्या ३० मिलिलिटर साध्या तेलात त्याचे १२ थेंब मिसळावेत. यातून साधारण २ टक्क्यांचे मिश्रण होते आणि तेवढे पुरेसे असते. थेंब वाढवल्याने केस लवकर येत नाहीत, फक्त त्वचा चिडते. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून ४८ तास थांबावे. लाली, पुरळ किंवा आग झाली तर हा उपाय आपल्यासाठी नाही. त्रास झाला नाही तर आठवड्यातून तीन-चार रात्री केसांचे भांग पाडत बोटांच्या टोकांनी हे मिश्रण टाळूवर लावावे, केसांवर ओतू नये, आणि वर सांगितलेली मालिश त्याच वेळी करावी. एक-दोन तासांनी किंवा सकाळी सौम्य शाम्पूने धुवावे. मिश्रण गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवावे, डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि हे तेल पोटात घेऊ नये.

ज्यांना तेलकट, पिवळसर कोंडा होतो त्यांनी मात्र तेल रात्रभर ठेवू नये. अशा कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसली जाते, त्यामुळे केसांसाठी केलेला उपाय कोंडा वाढवतो आणि खाजवून खाजवून उलट जास्त केस जातात. आधी कोंड्यावर कीटोकोनाझोलसारख्या औषधी शाम्पूने इलाज करावा, मग तेलाकडे वळावे.

भोपळ्याच्या बिया, सॉ पाल्मेटो आणि कॅफीन

डीएचटी तयार करणाऱ्या एन्झाइमला काही वनस्पती थोडाफार अटकाव करतात, असे मानले जाते. भोपळ्याच्या बियांचे तेल त्यांपैकी एक. २०१४ मधील एका कोरियन अभ्यासात ७६ पुरुषांपैकी काहींना रोज ४०० मिलिग्रॅम मात्रेच्या कॅप्सूल २४ आठवडे दिल्या. त्यांच्या केसांची संख्या सरासरी ४० टक्के वाढली, तर नुसत्या निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांची १० टक्के. आकडा डोळ्यांत भरतो खरा, पण त्या कॅप्सूलमध्ये इतरही घटक होते, त्यामुळे यश नेमके कोणाचे ते ठरवता येत नाही.

सॉ पाल्मेटो या ताडवर्गीय झुडपाच्या फळांचा अर्क याबाबत जास्त अभ्यासला गेला आहे. २०१२ च्या एका इटालियन अभ्यासात १०० पुरुषांपैकी काहींना दोन वर्षे रोज ३२० मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो आणि काहींना फिनास्टेराइड हे औषध १ मिलिग्रॅम दिले. सॉ पाल्मेटो घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांच्या केसांत सुधारणा झाली, फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांच्या. नैसर्गिक उपायाची ताकद किती आणि मर्यादा कोणती, हे सांगणारा इतका बोलका आकडा दुसरा क्वचितच सापडेल. अर्थात तो पोटात घेण्याचा उपाय आहे, म्हणून त्याला औषधासारखेच वागवावे: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये.

कॅफीन टाळूवर लावण्याचाही पर्याय आहे. ०.२ टक्के कॅफीनचे लोशन आणि ५ टक्के मिनॉक्सिडिल यांची २१० पुरुषांवर सहा महिने तुलना करणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात दोन्हींचे परिणाम जवळजवळ सारखे आले, मात्र इथेही निष्क्रिय लोशनचा गट नव्हता. घरी उकळलेली कॉफी डोक्यावर ओतल्याने तीच मात्रा मिळते असे समजू नये.

कांदा, खोबरेल आणि इतर

कांद्याच्या रसाची कीर्ती मोठी आहे आणि ती एका खऱ्या अभ्यासावर उभी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बगदादमधील त्या अभ्यासात ३८ रुग्णांचा समावेश होता आणि कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावणाऱ्या बहुतेकांचे केस सहा आठवड्यांत परत आले. पण ते सगळे रुग्ण चाईचे होते, आणि चाईचे केस उपचाराशिवायही अनेकदा परत येतात. आकसलेल्या मुळांवर कांदा काम करतो असा पुरावा त्यातून निघत नाही. कच्चा लसूण आणि लिंबाचा रस तर टाळूवर लावूच नयेत; लसणाने त्वचा अक्षरशः भाजते आणि लिंबाच्या रसानंतर ऊन लागले की फोड व काळे डाग येतात.

खोबरेल तेलाचे काम वेगळे आहे आणि ते चोख आहे. त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आतपर्यंत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी केसातील प्रथिनांची झीज कमी करते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला हे जमले नव्हते. म्हणजे कागदावर पाहिलेले केस मध्येच तुटलेले असतील, तर खोबरेल हाच योग्य उपाय. न्हाण्याआधी अर्धा-एक तास केसांच्या लांबीवर ते लावावे. त्याने नवा केस उगवत नाही, पण आहे तो टिकतो, आणि विरळ डोक्यावर टिकलेल्या प्रत्येक केसाला किंमत असते. एरंडेल फार चिकट असल्याने लांब केसांत त्याचा न सुटणारा गुंता होऊ शकतो. त्याने केस दाट होतात याला भक्कम आधार नाही. माक्यावर उंदीरवर्गीय प्राण्यांत झालेल्या प्रयोगांतून चांगले परिणाम दिसले आहेत, पण माणसांवरील नीट अभ्यासाशिवाय त्यावर विसंबून राहावे असे मला वाटत नाही.

आहार आणि पूरक गोळ्या

केस हा बहुतांशी केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, म्हणून डाळी, अंडी, मासे, दूध यांपैकी जे चालते त्यातून रोज पुरेसे प्रथिन मिळायला हवे, आणि वजन कमी करायचे असेल तर ते सावकाश करावे. लोह, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांची कमतरता रक्ततपासणीत दिसली तरच त्या गोळ्या घ्याव्यात. प्रौढ पुरुषात लोह कमी निघाले, तर नुसती गोळी घेऊन गप्प बसू नये; पचनमार्गात कुठे नकळत रक्तस्राव होत आहे का, हे तपासून घेणे केसांपेक्षा कितीतरी महत्त्वाचे असते.

बायोटिनच्या गोळ्या सर्वाधिक खपतात, पण बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते आणि ती नसताना या गोळ्यांनी केस वाढतात असे दिसलेले नाही. उलट मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता. म्हणून रक्त तपासायला देताना या गोळ्या चालू असल्याचे सांगावेच. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झाले तर केस गळतात, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळ्या ‘केसांच्या गोळ्या’ एकत्र घेणे धोक्याचे आहे. धूम्रपान आणि टक्कल यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे, ते सोडावे.

परिणाम मोजावा कसा

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, आणि विश्रांतीत गेलेल्या मुळाला पुन्हा जागे व्हायला महिने लागतात. त्यामुळे आरशात रोज पाहून काहीच कळत नाही. सुरुवातीच्या दिवशी चार फोटो काढावेत: समोरून, दोन्ही कोपऱ्यांचे आणि वरून भोवऱ्याचा. केस कोरडे असावेत, लांबी सारखी असावी, भांग त्याच जागी असावा आणि दिवा व अंतर तेच असावे. दुपारच्या उन्हात काढलेल्या आणि रात्री दिव्याखाली काढलेल्या फोटोंत एकच डोके निराळे दिसते. मग दर महिन्याला त्याच तारखेला तसेच फोटो काढावेत, पण तुलना तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यालाच करावी. एका वेळी एकच नवा उपाय सुरू करावा, नाहीतर फायदा कशाने झाला आणि पुरळ कशाने उठली, दोन्ही कळत नाही.

सहाव्या महिन्याच्या फोटोत टाळू पहिल्याइतकीच झाकलेली दिसली, तर तो उपाय चालला असे मानून तो चालू ठेवावा, कारण वाढती विरळता थांबणे हेही यशच आहे. टाळू आणखी उघडी झालेली दिसली, तर नैसर्गिक उपायांना आणखी एक वर्ष देऊ नये. मिनॉक्सिडिल १९८८ पासून आणि फिनास्टेराइड १९९७ पासून पुरुषांच्या टकलासाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. दोन्हींचे दुष्परिणाम माहीत आहेत आणि ते डॉक्टरांशी बोलून तोलता येतात. ही औषधेसुद्धा जिवंत पण आकसलेल्या मुळावरच चालतात, जिथे कातडी गुळगुळीत होऊन चकाकू लागली आहे तिथे नाही. सहा महिन्यांचे ते फोटो डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत. टाळूच्या एका तपासणीतून जे कळत नाही, तो केस जाण्याचा वेग त्यांना त्यातून दिसतो.